मिस्त्री माझ्या ताब्यात आहे

फोन त्याने अगदी साध्या कामासाठी केला होता. बाथरूमची जमीन उकरून मिस्त्री नाहीसा झाला होता, घरातली माणसं आडव्या टाकलेल्या फळीवरून तोल सांभाळत आंघोळीला जात होती, आणि सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवताना बायकोने नुसतं त्या फळीकडे पाहिलं होतं. एवढ्यावर त्याला उठून मिस्त्रीच्या घरचा नंबर लावावा लागला. पलीकडे बाईचा आवाज आला. त्याने नेहमीच्या सौजन्याने, शब्द नीट सुटा करून विचारलं, "मिस्त्री आहेत का?" पलीकडे काहीतरी भांडं पडलं आणि बराच वेळ फिरत राहिलं. ते थांबल्यावर बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "नाहीत हो. त्यांनी काय केलंय? लेकराबाळांचा माणूस आहे. त्यांना काही करू नका, तुम्ही म्हणाल तिथे मी त्यांना पाठवते." तो म्हणाला, "अहो वहिनी, घाबरू नका." हे तर त्याने म्हणायलाच नको होतं. कारण त्याने आवाज दिलेल्या ताज्या सिनेमातला पळवणाराही नेमकं हेच म्हणतो, आणि त्यानंतर घाबरण्यासारखं बरंच काही घडतं. फोन बंद झाला. तो हातात फोन धरून तसाच उभा राहिला. त्याच्या आवाजाने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी हातून भांडं पाडलं होतं. त्याला वाईट वाटलं हे खरं. पण वाईट वाटण्याच्या खाली, अगदी तळाशी, थोडी गुदगुलीही झाली होती, आणि ती बायकोला दिसू नये म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"काय म्हणाला मिस्त्री?" बायकोने आतून विचारलं.

"येतोय," तो म्हणाला.

"काय? जरा मोठ्याने बोला. बाहेर जगाला ओरडून सांगता, घरात तोंडातल्या तोंडात."

हे तिचं म्हणणं जुनं होतं आणि खरंही होतं. त्याचा धंदाच आवाजाचा. पडद्यावर दुसऱ्याचे ओठ हलत आणि त्यांत हा आपले शब्द बसवी. आपले म्हणजे लेखकाने लिहिलेले. औषधं विकणारे डॉक्टर, माशांच्या जीवनाविषयी सांगणारे शास्त्रज्ञ, परदेशी सिनेमातले दुसऱ्या क्रमांकाचे गुंड, असे कित्येक जण त्याच्या गळ्यातून बोलून गेले होते. शिवाय शहरातल्या सगळ्या बसमध्ये "पुढील थांबा" म्हणणारा माणूस तोच होता. घर खरं तर त्या 'पुढील थांब्या'वर चालत असे. बाकीचं सगळं वरकड. इतकं असून त्याला कुणी ओळखत नसे, आणि त्याची त्याला कधी तक्रार नव्हती. त्याचे वडील रात्रपाळीला जात आणि दिवसा झोपत. त्यामुळे लहानपणी सगळं घर कुजबुजत जगायचं. भांडणसुद्धा कुजबुजत. आई कुजबुजून मारायची. गच्चीवर पाण्याची एक रिकामी टाकी पडून होती. तिच्या झाकणातून डोकं आत घालून तो काहीबाही बोलायचा, आणि टाकी ते शब्द मोठे करून, जाड करून, गंजाचा वास लावून परत द्यायची. तो जाडजूड आवाज आपला आहे यावर त्याचा तेव्हा विश्वास बसला नाही. अजूनही पुरता बसला नव्हता. स्टुडिओत हेडफोन लावला की कुणीतरी मोठा माणूस कानात बोलू लागे, आणि हा त्याच्या तालात ओठ हलवी, इतकंच.

तर हा अपहरणाचा सिनेमा. एक मंत्री एकाच जागी, एकाच दवाखान्याच्या पायाभरणीचा दगड पुन्हापुन्हा बसवून जातो. दगडांची ओळ होते, दवाखाना होत नाही. शेवटी तिथला एक माणूस मंत्र्यालाच उचलतो आणि त्या दगडांच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला नेऊन ठेवतो. पोलीस सगळं शहर पालथं घालतात, पण तिथे कुणी फिरकत नाही, कारण सरकारी कागदांत त्या जागी दवाखाना केव्हाच सुरू झालेला आहे आणि दवाखान्यात छापा घालायला वरची परवानगी लागते. पळवणाऱ्याला पैसे नको असतात. तो फोनवर एवढंच सांगतो: मंत्री माझ्या ताब्यात आहे, दवाखाना उभा राहील तेव्हाच मंत्री बाहेर येईल. मंत्र्याची तब्येत नाजूक, त्याला रोज डॉक्टर लागतो. डॉक्टर हवा तर दवाखाना हवा. या पळवणाऱ्याचं, म्हणजे नायकाचं, काम करणारा नट रुबाबदार होता, पण त्याला आपली भाषा येत नव्हती. वाक्यं त्याने पाठ करून म्हटली होती. ओठ अगदी बरोबर हलले होते, आवाज मात्र गुळगुळीत दगडावरून पाय घसरावा तसा पदोपदी घसरत होता. म्हणून याला बोलावलं. दिग्दर्शिका तिशीच्या आतली, कायम थकलेली मुलगी होती. ती याला काका म्हणे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, ओरडायचं नाही. बसमध्ये बोलता ना, तसंच बोला. माणसाला त्याचा थांबा सांगितल्यासारखं." त्याने तसं केलं, आणि काचेपलीकडे ती अंगावर शहारा आल्यासारखी दंड चोळू लागली.

मग सिनेमा तपासणाऱ्या मंडळाचं पत्र आलं. 'मंत्री' हा शब्द चालणार नाही. गाड्यांचा ताफा, शिपाई, फीत, कात्री, सगळं राहू द्या, पण मंत्री म्हणू नका. दिग्दर्शिका स्टुडिओतल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. ओठ 'मंत्री' म्हणताहेत, तिथे दुसरं काय म्हणणार? रेकॉर्डिंग करणारा हा त्याचा जुना दोस्त. त्याला सगळे ओठेश्वर म्हणत, कारण तो शब्दांकडे कधी लक्षच देत नसे. त्याच्या लेखी जग म्हणजे मिटणारे आणि उघडणारे ओठ. ओठेश्वराने चार-पाच शब्द सुचवले आणि स्वतःच मोडीत काढले. दुसऱ्या कंपनीची वेळ सुरू व्हायला आली होती, ती माणसं दाराबाहेर पाय आपटत होती. तेव्हा याच्या तोंडून सहज निघालं, "मिस्त्री." ओठेश्वराने लगेच लावून पाहिलं. "म मिटला. शेवटची ई ताणली. बसतंय रे राजा!" आणि शब्द नुसता ओठांतच बसला नाही, कथेतही बसला. मिस्त्री माझ्या ताब्यात आहे. दवाखाना उभा राहील तेव्हाच मिस्त्री बाहेर येईल. मंडळाने कळवलं की हे आधीपेक्षा जास्त पटण्याजोगं आहे.

आता प्रेक्षक म्हणजे काही मंडळ नव्हे. लाल दिव्याच्या गाडीतून, मागेपुढे शिपाई घेऊन मिस्त्री उतरला, तेव्हा थिएटरात आधी सगळे गप्प झाले. मग मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग "मिस्त्री जेवलाय. मिस्त्री झोपलाय," ही वाक्यं त्या थंड, बसमधल्या आवाजात आली, आणि माणसं खुर्च्यांच्या हातांवर थापा मारत हसू लागली. तो आणि बायको पहिल्याच दिवशी तिकीट काढून गेले होते. अंधारात त्याच्या आवाजाला शेकडो माणसं हसत होती, आणि आपल्याला हसताहेत की आणखी कुणाला, हे न कळून त्याचे कान तापले होते. त्याने उभ्या आयुष्यात एवढा एकच शब्द स्वतःच्या डोक्यातून काढला होता. तोही कशासाठी? मंडळाची अडचण दूर व्हावी, बाहेरच्या माणसांना स्टुडिओ वेळेवर मिळावा, आपल्याला शेवटची बस मिळावी. त्याला लोक आता धाडस म्हणत होते. पेपरात एकाने लिहिलं, 'या एका शब्दाने सत्तेचा मुखवटा फाडला आहे.' ते वाचून त्याला आपण नकळत कुणाचं तरी काहीतरी फाडून बसलो आहोत आणि आता भरपाई मागायला येतील, असं दिवसभर वाटत राहिलं होतं.

मिस्त्री दुपारी आला. अंगाने किरकोळ, मिशा मात्र भरगच्च. हातात थापी, खांद्याला पिशवी, आणि बरोबर शेजारचे दोन धट्टेकट्टे गृहस्थ, साक्षीला. याला दारात पाहून त्याने आधी याच्या मागे डोकावून पाहिलं.

"फोन कुणी केला होता?"

"मीच केला."

"तुम्ही?" मिस्त्रीने याला पायजम्यापासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. "नाही. तो माणूस वेगळा होता. तुम्ही बोला बरं एकदा."

"काय बोलू?"

"तेच. माझ्या बायकोला जे बोललात."

त्याला लाज वाटली. पण बायको पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती आणि तिच्या चेहऱ्यावर उघड कुतूहल होतं. तो खाकरला. "मिस्त्री आहेत का?" साक्षीदारांपैकी एक जण पायरीवरून खाली उतरला. मिस्त्रीच्या मिशा थरथरल्या. भीती गेल्यावर मात्र तो जो भडकला, तो आवरेना. "म्हणजे सिनेमातला आवाज तुमचा! साहेब, शोभतं का हे? सगळ्या जगात आमची नाचक्की केलीत. मिस्त्री येतो, खातो, झोपतो, दगड लावून जातो, बांधत काही नाही! आम्ही असले वाटलो तुम्हाला? परवा पोरगं शाळेतून रडत आलं. म्हणतं, बाबा, तुम्ही दवाखाना का नाही बांधला?"

"अहो, तो तुमच्यातला मिस्त्री नव्हे," त्याने समजावलं. "तो मूळचा मंत्री आहे."

"तेच म्हणतोय ना मी! मंत्र्याची घाण आमच्या दारात कशाला टाकलीत? आमच्या संघटनेने अर्ज दिलाय मंडळाला. शब्द काढा म्हणून."

"ते राहू दे," बायको शांतपणे म्हणाली. "आमच्या बाथरूमची जमीन तुम्ही उकरलीत, त्याला किती दिवस झाले?"

मिस्त्रीने थापी या हातातून त्या हातात घेतली. "वहिनी, तो विषय वेगळा आहे." आणि संघटनेचा निर्णय होईपर्यंत या घरात काम करता येणार नाही असं जाहीर करून, थापी उंच धरून तो निघून गेला. साक्षीदार मात्र जाताना घुटमळले. खाली उतरलेला पुन्हा वर आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, एकदा आमच्या साडूला फोन कराल का? नुसतं 'ओळखलंत का' म्हणा. बाकी काही नको."

मिस्त्रींच्या अर्जावर मंडळाने एरवी धूळ साचू दिली असती. पण त्याच आठवड्यात खऱ्याखुऱ्या मंत्र्यांनी कुठेशी एका पुलाची फीत कापायला कात्री उचलली, आणि गर्दीतून कुणीतरी प्रेमाने हाक मारली, "या, मिस्त्री!" म्हणे पुलावर उभे असलेले शिपाईही हसले. मंडळाचं पत्र दुसऱ्याच दिवशी निघालं: एका कष्टकरी वर्गाच्या भावना दुखावल्या असल्याने 'मिस्त्री' हा शब्द वगळण्यात यावा. पर्यायही मंडळानेच सुचवला होता. 'मित्र'. ओठेश्वराने फोनवर त्याला वाचून दाखवलं. मित्र माझ्या ताब्यात आहे. मित्र जेवलाय. मित्र झोपलाय. दवाखाना उभा राहील तेव्हाच मित्र बाहेर येईल. तो ऐकत राहिला, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की सिनेमा कुणी न कापता नाहीसा होतो आहे. दगड राहतील, पत्रे राहतील, आजारी माणूस राहील. पण एका मित्राने दुसऱ्या मित्राला प्रेमापोटी डांबून ठेवलं आहे आणि त्याच्या प्रकृतीसाठी दवाखाना मागतो आहे, असं काहीतरी गोड होऊन बसेल. लोक डोळे पुसत घरी जातील.

त्याने "बघतो" म्हणून फोन ठेवला, तर लगेच दुसरा वाजला. बसच्या कचेरीतल्या बाई. गोड बोलणाऱ्या, आणि गोड बोलता बोलता माणसाला कामावरून काढणाऱ्या. "तुमच्या आवाजाबद्दल तक्रारी येताहेत हो. 'कृपया मागच्या दाराने उतरा' म्हटलं की पोरं हात वर करून उतरतात. एक आजोबा तर तीन थांबे आधीच उतरले, म्हणाले, त्या माणसाने सांगितलं, विषाची परीक्षा कशाला?" तो हसला. बाई हसल्या नाहीत. "वरून विचारणा झालीय. तो शब्द एकदा बदलून टाका, म्हणजे विषय संपला. मग पुढच्या कराराचं आपण आरामात बोलू. नाही बदलला तर आम्हाला दुसरा आवाज बघावा लागेल. काय कळवू मी?" त्याने पुन्हा "बघतो" म्हटलं. बाई म्हणाल्या, "बघू नका. बदला."

त्या दिवशी तो बसने उगीचच शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. डोक्यावरच्या जाळीतून तो मोठा माणूस एकेक थांबा सांगत होता, न चुकता, न थकता, कुणी उतरो न उतरो. घराचं भाडं, धाकटीची फी, बाथरूमच्या फरश्या, सगळं त्या जाळीतून येत होतं. हे बंद झालं तर? त्याच्या वयाला नवा आवाज कोण मागणार? आणि राखायचं तरी काय? एक शब्द, तोही घाईत सुचलेला, तोही मंडळाच्या सोयीसाठी. 'मिस्त्री'ला काही तो तत्त्वाने चिकटलेला नव्हता. मिस्त्रीचं पोर रडत घरी आलं होतं हेही त्याला खुपत होतं. 'मिस्त्री' काढायलाच हवा, हे त्याने मनोमन मान्यच केलं. मग 'मित्र' म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी सांगता येत नव्हती. नुसता जिभेखाली खडा आल्यासारखं वाटत होतं. मनात शब्द घोळवून पाहताना त्याच्या तोंडून चुकून मोठ्याने "मित्र" निघालं, आणि शेजारच्या सीटवरच्या बाई पिशवी छातीशी धरून पुढे जाऊन बसल्या.

घरी बायकोला सांगितलं. ती फळीवर उभी राहून धाकटीचे केस धूत होती. "तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं. तो म्हणाला, "मला काय वाटायचंय?" तिने मग्गाभर पाणी ओतलं. "तेच विचारतेय. इतकी वर्षं ज्याचे ओठ त्याचं तुम्हाला वाटत आलंय. एकदा स्वतःचं वाटून बघा. पण काय ते लवकर वाटा, पाणी गार होतंय."

स्टुडिओत या वेळी एक माणूस जास्त होता. मंडळाने आपला अधिकारी पाठवला होता. गोल, नीटनेटका, हातरुमालाची घडी न मोडलेला. ओठेश्वराच्या शेजारी तो मांडीवर कागद घेऊन बसला होता. दिग्दर्शिका कोपऱ्यात होती. तिने याच्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे काका, तुमचा काय दोष, अशी. आणि त्या मान हलवण्याचा त्याला राग आला. तो काचेच्या खोलीत शिरला, हेडफोन लावला. पडद्यावर रुबाबदार नट फोन कानाला लावून उभा होता.

"मित्र माझ्या ताब्यात आहे."

"नाही," ओठेश्वर कानात म्हणाला. "त्याचे ओठ शेवटी ताणलेत. तू 'त्र'वर सोडून देतोस. पुन्हा."

त्याने 'मित्र' लांबवला. तो कण्हल्यासारखा वाटला. त्याने 'मित्रही' म्हणून पाहिलं. अधिकाऱ्याने काचेपलीकडून खुणेने विचारलं, ही कशाला? त्याने 'मित्र जी' म्हटलं. ओठेश्वर म्हणाला, "कीर्तन चाललंय काय?" पुन्हा. पुन्हा. पडद्यावरचा माणूस दर वेळी त्याच उत्साहाने फोन उचलायचा आणि त्याच्या तोंडात काहीतरी भलतंच कोंबलं जायचं. शब्द म्हणून म्हणून 'मित्र'चा अर्थच निघून गेला, चोथा उरला. ओठेश्वराचा धीर सुटला. धंद्यात त्याने आजवर एकही ओठ चुकू दिला नव्हता. "अरे राजा, तुला काय म्हणायचं ते म्हण, मला शब्दाशी देणंघेणं नाही. पण त्याचे ओठ काय म्हणताहेत ते बघ आणि तेवढं म्हण!"

त्याने बघितलं. नटाचे ओठ मिटले, उघडले, ताणले गेले. आपली भाषा न येणाऱ्या त्या माणसाने किती प्रामाणिकपणे पाठ केलं होतं ते.

"मंत्री माझ्या ताब्यात आहे."

"बसलं!" ओठेश्वर ओरडला. "हेच पाहिजे होतं. हात लावायचा नाही याला."

त्याने अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याचं बोट कागदावर होतं. कागदावर, 'मिस्त्री' हा शब्द नसल्याची खात्री करावी, असं लिहिलेलं असणार. अधिकाऱ्याने कान देऊन खात्री केली, मिस्त्री नव्हता, त्याने बरोबरची खूण केली. 'मंत्री'चा कागद निराळा होता, तो केव्हाच निकालात निघून कुठल्या तरी कपाटात गेला होता. मग ओठेश्वराने कानात विचारलं, "पुढचं घेऊ?" एखाद्याची जीभ एकदा घसरू शकते. माफी मागून पुन्हा घेता येतं. त्याच्या धंद्यात 'आणखी एकदा' म्हणायला कुणालाच लाज वाटत नाही. त्याला बसची जाळी आठवली, त्या बाईंचं 'बदला' आठवलं. त्याने कागद ठेवायचा स्टँड घट्ट धरला.

"घे," तो म्हणाला. हा आवाज मोठा नव्हता. गंजाचा वासही त्याला नव्हता. घरात तोंडातल्या तोंडात बोलायचा तोच होता, आणि हेडफोनमध्ये तो ऐकून त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मंत्री जेवलाय. मंत्री झोपलाय. दवाखाना उभा राहील तेव्हाच मंत्री बाहेर येईल. एकेक वाक्य पहिल्या झटक्यात बसत गेलं, ओठेश्वर खूश होऊन टेबलावर ताल धरू लागला, अधिकाऱ्याच्या खुणा पडत गेल्या. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. दिग्दर्शिकेने तोंड ओढणीत खुपसलं होतं आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. ओठेश्वराने बटणावरचं बोट उचललं, त्यामुळे काचेच्या खोलीत एकदम काहीच ऐकू येईना. पलीकडे अधिकारी उठला. तो तिच्यापाशी गेला, क्षणभर अवघडला, आणि मग त्याने खिशातला हातरुमाल काढून, घडी मोडून, तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि ती आणखीच वाकली. अधिकारी तिच्याकडे पाहत कळवळून काहीतरी बोलत होता. सवयीने याचे डोळे त्याच्या ओठांकडे गेले. ओठ मिटले, म किंवा ब किंवा प. मग उघडले, गोल झाले. तो काचेला नाक लावून उभा राहिला, आणि कुणीही न सांगता त्या ओठांत शब्द बसवू लागला: "बाई, रडू नका हो. माणसंच आहोत आम्हीसुद्धा. शब्द काढताना आम्हालाही फार वाईट वाटतं."

बसले.